छत्रीचं तोंड खाली

आमच्या गावात छत्री घेऊन यायचं तर तिचं टोक जमिनीकडं ठेवून यावं लागायचं. हा नियम सरकारचा नव्हता, पंचांचा नव्हता, एकट्या आप्पाचा होता. खानापुराहून कणकुंबीकडं जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. तिथला पाऊस म्हणजे चार महिने आभाळ फाटलेलं. ज्याच्या डोक्यावर इरलं तो सुटला, ज्याच्याकडं छत्री तो सापडला. कुणी मिटलेली छत्री काखेत आडवी मारून चालला की पारावरून हाक यायची.

"ए! तोंड खाली कर."

"कुणाचं?" नवा माणूस गोंधळायचा.

"छत्रीचं. मला बघायलीया ती."

"आप्पा, छत्री हाय ओ ही."

"आज छत्री हाय. हाताला वंगाळ सवय छत्रीपासनंच लागती."

आणि छत्री खाली होईपर्यंत आप्पा पारावर बाजूला सरकलेला असायचा. नुसत्या छत्रीवर नाही, लांबुडक्या कुठल्याच वस्तूवर त्याचा विश्वास नव्हता. खांद्यावर ऊस घेऊन कोणी वळला की आप्पा वाकायचा. देवळात गुरवानं शंख फुंकताना तोंड इकडं केलं की आप्पा खांबाआड. मास्तरनं एकदा बोलता बोलता छडी त्याच्यावर रोखली, तर आप्पानं ती दोन बोटांनी धरली, हळूच भिंतीकडं वळवली आणि म्हणाला, "हं, आता बोला."

मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस. पण मी बघितलेला आप्पा मलाच लिहिता येईल, शिकलेल्याला यायचा नाही, कारण शिकलेले त्याला येडा म्हणून मोकळे झालेत.

आप्पा माझ्या नात्यातला नव्हे. तो पलटणीत हवालदार होता, पहिल्या लढाईत बोटीतून परमुलखाला जाऊन आलेला. येताना एक पत्र्याची ट्रंक आणि एक मिशी घेऊन आला. ट्रंकेत काय होतं ते कुणाला दिसलं नाही, पण मिशी सगळ्या पंचक्रोशीनं बघितली. ओठावरून निघून गालावर उतरायची आणि कल्ल्याला जाऊन भेटायची. पेज पिताना आप्पा ती दोन्ही हातांनी उचलून धरायचा, मग वाडगा कोण धरणार? वाडगा आक्का धरायची. आक्का म्हणजे त्याची बायको. आमच्या बाया भांडणात देवाची शपथ घ्यायला भ्यायच्या, पण "आप्पाच्या मिशीची आण" बिनधास्त घ्यायच्या. ती मिशी जायची नाही याची सगळ्यांना खात्री होती म्हणून.

लांबुडक्या वस्तूंचं एवढं भ्या कशापायी, हे मी त्याला एकदा विचारलं. म्हणाला, लढाईत एका गड्यानं चेष्टेनं बंदूक रोखली, खेचर मेलं. पुढच्या वर्षी विचारलं तर खेचराच्या जागी आचारी होता. मग एकदा साहेबाची टोपी उडाली म्हणाला. आणखी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "माझा जोडीदार हुता," आणि उठून गोठ्यात गेला. खरं कुठलं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक गोष्टीत मेलेला बदलायचा, गाव बदलायचं, पाऊस का ऊन तेही बदलायचं. एक शब्द तेवढा बदलायचा नाही. "बंदूक रिकामी हुती बघ. रिकामी."

तर असल्या माणसाच्या घरात बंदूक होती! सरकारनं लायसन देऊन दिलेली. आमच्याकडं रानडुकरं पिकात घुसतात आणि रात्रीत रान नांगरून ठेवतात, त्यांच्यासाठी. एकनळी, मधून मोडून उघडणारी. आसपासच्या गावांत तेवढी एकच. दुसरा असता तर ती खांद्याला लावून बाजार फिरला असता. आप्पाच्या घरात ती दिसायचीच नाही. नळी माजघरात, लाकडी दस्ता देवघरावरच्या माळ्यावर आणि काडतुसं भाताच्या कणगीमागं एका डब्यात. डब्याला कुलूप. किल्ली आक्काच्या कमरेला.

एकदा दिवस मावळायला आमच्या बांधावरून मीच ओरडत गेलो, "आप्पा, डुकरं आल्यात! रताळ्यात घुसल्यात!" आप्पानं नळी आणली, दस्ता आणला, खटकन जोडली, उघडून आरपार बघितली आणि चुलीपाशी जाऊन उभा राहिला.

"अगं, काडतूस दे."

आक्का भाकरी थापत होती. वर बघितलंच नाही.

"डुकरं रताळी खायाल्यात गं."

"खाऊ द्यात. त्यास्नी तरी चवीनं खाऊ द्यात. तुमाला माझ्या हातचं ग्वाड लागत न्हाय न्हवं? सकाळी वाटी सारून उठलासा."

"ती सकाळची गोष्ट!"

"बघा, आवाज चढला." आक्का माझ्याकडं वळली. "राग आलेल्या माणसाच्या हातात काडतूस देऊ नगं, मग तो मी का असंना, असं कोण सांगिटलंय मला? माझा बा?"

आप्पाची मिशी थरथरली. पण नियम त्याचाच. बंदूक उघडून ठेवली, उंबऱ्यावर जाऊन बसला आणि राग जायची वाट बघू लागला. मी एकदा रताळ्याकडं बघतोय, एकदा आप्पाकडं. शेवटी त्याला स्वतःचंच हसू आलं. ते ऐकून आक्कानं किल्ली सोडली. तोवर डुकरं दिवाळी करून पार जंगलात पोचली होती.

"बंदूक असून उपेग काय तुमचा?" मी चिडून म्हणालो.

"रताळी परत लावता येत्यात," आप्पा म्हणाला आणि बंदूक पुन्हा दोन ठिकाणी ठेवून आला.

बंदूक दाखवायला त्याला वर्षाला एकदा खानापुरात ठाण्यावर जावं लागायचं. तेव्हासुद्धा नळी एका पोत्यात, दस्ता दुसऱ्या पोत्यात, दोन्ही बैलगाडीत, आणि मधे आप्पा. एका वर्षी ठाण्यावर नवा शिपाई होता. त्यानं बंदूक जोडून घेतली, बंद केली आणि ऐटीत नळीच्या तोंडाला डोळा लावला, आत गंज आहे का बघायला. आप्पानं पुढं होऊन त्याचा कान धरला. कान म्हणजे सरकारी कान! धरला आणि बाजूला ओढला.

"रिकामी हाय की ओ!" शिपाई कळवळला.

"तू उघडून बघितलास?"

"तुमीच म्हणालासा की रिकामी हाय."

"मी म्हणालो म्हणून डोळा दिलास? मी कोण, तुझा मामा?"

आप्पाला संध्याकाळपर्यंत आत बसवून ठेवलं. गाडी घेऊन मीच गेलतो, म्हणून मलाही बाहेर ताटकळत बसावं लागलं. सुटला तेव्हा तोंड पडलेलं असेल म्हटलं, तर गडी खुशीत. "दोगंबी जिते बसलो," म्हणाला. "तो भाईर, मी आत."

पण गावाचा आणि आप्पाचा खरा वाद दसऱ्याला व्हायचा. खंडेनवमीला आमच्यात घरातली हत्यारं देवळात नेऊन मांडतात. विळे, कोयते, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, आणि मधोमध आप्पाची बंदूक. सगळ्या हत्यारांना कुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची. आप्पा बंदूक ठेवायचा ती मोडून, उघडी. गुरव दरवर्षी हट्टाला पेटायचा.

"आप्पा, खंडित हत्यार पूजेला चालत न्हाय. देवीला मोडकं दाखवू ने."

"मोडकं न्हाय. उघडलंय."

"दिसतंय मोडकंच की!"

"देवीला दिसूं दे आत काय न्हाय ते. ती तर तुज्यापरीस समोर बसलीया."

एवढ्यावर थांबला असता तर तो आप्पा कसला. त्यानं पुढं असा रिवाज पाडला की बंदुकीला कुंकू लावणाऱ्यानं आधी मागच्या बाजूनं नळीतून आभाळ बघायचं आणि "दिसलं" म्हणायचं. एकदा एका म्हातारीनं भक्तीनं झेंडूचं फूल नळीत सोडलं, तर पूजा थांबवून आप्पानं ते काडीनं बाहेर काढलं. बाकीच्या गावांत लोक सोनं लुटायच्या तयारीच्या गडबडीत, आणि आमचं गाव ओळीनं उभं राहून आभाळ बघतंय! पाहुणे हसायचे. म्हणायचे, मोडकी बंदूक पूजणारं गाव. ते मला लई लागायचं. मी तेव्हा विशीतला, अंगात रग, गावाला कोणी हसलं की मी बाह्या सारायचो. हे अशासाठी सांगतोय, की पुढं जे झालं ते या हसण्यातूनच झालं.

थोरल्या भावाचं लगीन ठरलं. नवरी निपाणीकडची. तिकडं तंबाखूची रानं, माणसं ताठ. नवरीचा मामा सुपारी फोडायला आलता. रेशमी फेटा, काखेत चांदीच्या मुठीची छत्री. निघताना म्हणाला, "आमच्यात एक रीत हाय. वऱ्हाड शिवंवर आलं की पोरीच्या मानाचा बार व्हायला पायजे. बार झाल्याबिगर नवरी गाडीतनं पाय खाली ठेवत न्हाय. काय? तुमच्या गावात बंदूक हाय म्हणं. मोडकी का असंना!"

आणि हसला. आमचा बा म्हणाला, "हुईल की बार. त्यात काय?"

बा आप्पाकडं गेला. आप्पानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सरकारनं बंदूक डुकरासाठनं दिलीया. पावण्यांस्नी डुक्कर म्हणू मी?"

"आप्पा, एकच बार. हवेत."

"हवेत गेल्यालं खाली येतंय. लग्नात बंदूक न्हाय. माझी न्हाय, कुणाचीच न्हाय."

बा घरी येऊन ओसरीवर बसला. दिलेला शब्द, ठरलेलं लगीन आणि शिवंवरून नवरी परत गेली तर भावाला पुन्हा पोरगी कोण देणार? मी उठलो आणि तडक परशा लोहाराच्या भट्टीवर गेलो. परशा माझ्याच वयाचा. विळा त्यानं केला तर दाढी व्हावी, असला हात. म्हणाला, "त्यात काय! बंदूक म्हंजे नळच की. एका अंगानं बंद."

लोंढ्याच्या रेल्वे ठेसनावरच्या भंगारातून त्यानं पाण्याचा एक लोखंडी नळ पैदा केला. ठोकून एक तोंड बंद केलं, बाभळीचा दस्ता बसवला, तारेनं आवळला, घोडा लावला. समोरून दारू ठासायची आणि घोडा ओढायचा. बाराची दारू कुठून आणली ते विचारू नका. एका वाळक्या भोपळ्यात ती भरून ठेवली. बंदुकीला आम्ही नाव दिलं वाघीण. मी दिवसातून चारदा भट्टीवर जायचो आणि उजवा गाल दस्त्याला टेकवून नेम धरायची ऐट करायचो. बार काढायचा मान माझा, नवऱ्याचा धाकटा भाऊ म्हणून.

आप्पाला कळल्याशिवाय राहणार नव्हतंच. आला आणि नळ खालीवर बघितला.

"ह्यो नळ पाण्याचा न्हवं रं परशा?"

"व्हय."

"मग पाणी घाल त्यात."

परशाचं तोंड लोखंडासारखं तापलं. "आप्पा, तुमची साहेबाच्या देशात झाली म्हणून ती बंदूक, आणि मी केली म्हणून ती फुकणी व्हय?"

आप्पानं नळावर एकदा टिचकी मारली. माझ्याकडं वळला. "कोण वाजिवणार?"

"मी."

"गाल कुठला लावणार?"

"उजवा."

त्यानं पुढं होऊन बोट माझ्या उजव्या गालावर ठेवलं. बाजारात बैलाच्या पाठीवरून हात फिरवतात तसं फिरवलं. "चांगला हाय," म्हणाला. "ठेव."

मला एवढा राग आला की मी तोंडाला येईल ते बोललो. लढाईत गेलता का लपायला गेलता, हेही बोललो. आप्पानं ऐकलं आणि गेला. परशानं ताणून धरलं, मी ताणून धरलं, बानं तोंड फिरवून घेतलं. फौजदाराला जाऊन सांगणं आप्पाला अवघड नव्हतं. पण मग परशा तुरुंगात जाणार आणि लगीन मोडणार, हे काय त्याला कळत नव्हतं?

लग्नादिवशी सकाळी मांडवात न्हावी नवऱ्याची दाढी करत बसलेला. गाव जमलेलं. आप्पा येऊन मधोमध उभा राहिला.

"पैज लावतोय," तो म्हणाला. "वाघिणीला फणसाला बांधायची. घोड्याला सुंभ बांधून भिंतीमागनं मी ओढणार. पोटभर दारू घालायची. तीन बार. फुटली तर लग्नात बंदूक न्हाय. न फुटली तर..." त्यानं मिशीला हात लावला. "ही अर्धी तुमची. हितंच, ह्या न्हाव्याच्या हातनं."

 आप्पाची मिशी! परशा माझ्याकडं बघतोय, मी परशाकडं. मोडकी बंदूक पूजणारं गाव म्हणून आजवर जेवढं ऐकलं होतं ते सगळं माझ्या डोक्यात चढलं. "लागली!" मी ओरडलो.

आप्पानं स्वतः वाघिणीला फणसाच्या खोडाला आवळलं, तोंड मोकळ्या माळाकडं. माळावरची गुरं लांब हाकलली. सगळं गाव गोठ्याच्या दगडी भिंतीमागं बसवलं. डोकं वर काढणाऱ्याच्या डोक्यावर टपली. परशा दारू घालायला लागला की आप्पा म्हणायचा, "कंजूसपणा नगं. शिवंवर घालणार तेवढी घाल. अजून. अजून घाल की!" ठासून झालं, परशा पळत भिंतीमागं आला, आणि आप्पानं सुंभ ओढला.

धडाड! माळावरची पाखरं उठली. आमची म्हैस दावं तोडून ओढ्याकडं गेली ती संध्याकाळी सापडली. धूर ओसरल्यावर बघतोय तर वाघीण जशीच्या तशी. गाव नाचायला लागलं. दुसरा बार, तीच गोष्ट. तिसरा बार, दोन्हीपेक्षा मोठा. परशाला लोकांनी खांद्यावर घेतलं.

आप्पा न्हाव्यासमोर जाऊन बसला.

"माझ्या हातनं नगो ओ आप्पा," न्हावी रडकुंडीला आला.

"तुज्या हातनं न्हाय तर काय गुरवाच्या हातनं? चालव."

अर्धी मिशी खाली पडली. आप्पा उठला आणि सगळ्या गावाला दिसेल असा मांडवभर फिरला. एका अंगानं हवालदार, एका अंगानं कोण कुणास ठाऊक. माणसं पोट धरून लोळायला लागली. बायकांनी पदर तोंडात घातले. आणि आप्पा म्हणाला, "नशीब तुमचं. माझा न्हाय इस्वास. दुसरी अर्धी लावतो. हाय हिंमत?"

"ऱ्हाऊं द्या आता, आप्पा," बा म्हणाला.

पण आम्हाला कोण आवरणार! उरलेली अर्धी समोर दिसतेय आणि ती सोडायची? "वाजीव परशा!" सगळं गाव ओरडलं. आप्पा शेजारी उभा. "अजून घाल. पोटभर घाल." धडाड! पुन्हा धडाड! वाघीण फुटली नाही. मिशी गेली. आप्पाचा वरचा ओठ मी जन्मात पहिल्यांदा बघितला. गोरापान, लहान मुलासारखा.

ढोल सुरू झाला. कोणी गुलाल आणला. त्या गोंधळात आप्पा परशाजवळ गेला आणि हळू आवाजात विचारलं, "आता शिवंवर काय वाजिवणार?"

परशानं भोपळा उचलला. हलवला. मग उलटा केला आणि तळहातावर आपटला. बोटाला लागेल एवढी काळी धूळ पडली, बस्स.

ढोल आपोआप थांबला. तेवढ्यात ओढ्यापलीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. वऱ्हाड!

मी आप्पाच्या अंगावर धावून गेलो. "म्हाताऱ्या, घात केलास! शिवंवरनं नवरी माघारी जाणार, माझ्या भावाचं काय?" मधे आक्का येऊन उभी राहिली. एवढीशी बाई, पण हलली नाही.

"मिशी कुणाची गेली रं?" तिनं विचारलं. "तुजी का त्यांची?"



आप्पा म्हणाला, "शिवंवर जुन्या चुनभट्टीच्या खड्ड्यात कळक रचून ठेवलाय. ओला, कालच तोडल्याला. पेटिव जा. पेटवून लांब हो. वाजायच्या आदी पावण्यांची बैलं सोडाय सांग."

ज्यानं ओला कळक जाळलेला बघितला नाही त्याला सांगतो. बांबूच्या प्रत्येक पेरात वारा कोंडलेला असतो. आग लागली की एकेक पेर फुटतं, आणि फुटताना असा आवाज करतं की बंदुकीनं लाजावं. आमच्या जंगलातला कळक मांडीएवढा. मी पळत गेलो, खड्डा पेटवला, आणि पळतच पाव्हण्यांपुढं जाऊन गाड्या लांब थांबवल्या. बैलं सोडून झाडांना बांधली. मागोमाग बा, आप्पा आणि गावही आलं. सगळे बघत बसले. आधी नुसता धूर. नवरीचा मामा गाडीतून म्हणाला, "काय वं, स्वयंपाक करताय का बार काढताय?"

फट्टाक्!

मामाचा फेटा हलला. मग दुसरं पेर, मग तिसरं, मग दोन एकदम. मामा बोटांवर मोजायला लागला. हाताची बोटं संपली तरी खड्डा वाजतोच आहे.

"आमच्यात एक बार असतोय," तो नरम आवाजात म्हणाला.

"आमच्यात असंच असतंय," बा म्हणाला. तोवर मांडवातलं सगळं विसरून त्यानं छाती पुढं काढली होती.

नवरीनं गाडीतून पाय खाली ठेवला.

तिच्या पाठोपाठ मामा उतरला. ऊन होतं, तरी छत्री मिटलेली, काखेत आडवी, टोक पुढं. आणि लगेच हाक आली, "पावणं, छत्रीचं तोंड खाली!"

मामानं वळून बघितलं. समोर आप्पा. ओठावर केस नाही. मामाचा चेहरा उतरला. आमच्यात मिशी काढतात ती कधी, हे सांगायला नको. बाप गेला, आई गेली, की काढतात. तसला माणूस लग्नाच्या दारात? गाड्या अजून शिवंवरच होत्या. बैलं जुंपायला किती वेळ लागतो? बाच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला.

"अरारारा," मामा म्हणाला. "कोण गेलं वं तुमचं?"

आप्पानं मामाकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं, आणि माझ्याकडंही नव्हे, माझ्या उजव्या गालाकडं.

"कोण न्हाय गेलं, पावणं," तो म्हणाला. "म्हणून तर काढली."

मामाला काही कळलं नाही. पण आप्पा असं म्हणाला की त्यानं पुढं विचारलं नाही, आणि छत्रीचं टोक मात्र खाली केलं. लगीन लागलं. सनईवाला रात्रीपर्यंत सनई आभाळाकडं करून वाजवत होता.

मिशी आली परत. यायला वर्ष लागलं, आणि आली ती पांढरी. तोवर आक्काला वाडगा धरावा लागला नाही, तर तिलाच करमेना म्हणे. परशानं वाघीण पुन्हा वाजवली नाही. दारू मिळाली नाही असं तो सांगायचा. पुढच्या पावसाळ्यात त्यानं ती तोडली, बंद केलेलं तोंड कापून टाकलं, आणि मागच्या अंगाचा हातभर तुकडा माझ्या आईला आणून दिला. चुलीला फुकणी म्हणून.

ती फुकणी अजून माझ्या घरात आहे. सून म्हणते, मामंजी, ही टाकून द्या, दुसरी आणू. मी टाकू देत नाही. वाघीण फुटली नव्हती, सगळ्या गावादेखत फुटली नव्हती, हे माझं म्हणणं काल होतं, आज आहे आणि उद्याही राहील. कुणी यावं आणि माझ्याशी वाद घालावा.

फुकताना तेवढा उजव्या गालाला वारा लागतो. नळाला केसाएवढी चीर आहे तिथं.